राजीनामा देऊन पुन्हा रुजू व्हा म्हणतात, सही करू का?

प्रश्न: बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात मी 14 वर्षं सीएनसी ऑपरेटर आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये. एका जर्मन कंपनीनं कारखाना विकत घेतलाय. एचआर म्हणतं, आज राजीनामा द्या, उद्यापासून नवं नेमणूकपत्र. त्यात ‘एक्झिक्युटिव्ह’ असं पद आहे, शिवाय सहा महिने जर्मनीत ट्रेनिंग आणि पाच लाखांचा बाँड. काय करू?

उत्तर: राजीनाम्यावर सही करू नका. बाकी कागदांवर बोलणी होऊ शकतात, यावर नाही.

आधी व्यवहार कोणता झालाय ते बघा. पगारपत्रकावर कंपनीचं नाव तेच आहे का? पीएफ पासबुकात आस्थापनेचा कोड तोच आहे का? दोन्ही तेच असतील तर बहुधा फक्त शेअर विकले गेलेत. मालक बदलले, पण तुम्हाला नोकरीवर ठेवणारी कंपनी तीच राहिली. मग राजीनाम्याचं कारणच उरत नाही.

कारखानाच दुसऱ्या कंपनीच्या नावावर गेला असेल, तर पूर्वी औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-एफएफमध्ये असलेलं संरक्षण 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहितेत आहे. सेवा अखंड, अटी आधीपेक्षा कमी नाहीत, आणि पुढे नोकरकपात झाली तर भरपाई जुन्या तारखेपासून धरायची: या तिन्ही गोष्टी नव्या मालकानं मान्य केल्या तर वेगळी भरपाई मिळत नाही. एकही नाकारली तर नोटीस आणि दरवर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार तुमचा हक्क. राजीनामा दिलात की हे सगळं ‘स्वखुशीनं सोडलं’ या एका ओळीत जातं.

ग्रॅच्युइटीत, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांवर मिळणाऱ्या रकमेत, काय जातं ते बघा. आज 26,000 भागिले 26 (महिन्याचे कामाचे दिवस), गुणिले 15 (दरवर्षाचे दिवस), गुणिले 14 म्हणजे 2,10,000 रुपये. ते हातात मिळतील, म्हणून माणूस भुलतो. पण दहा वर्षांनी पगार 52,000 झाला, तर अखंड 24 वर्षांचे 7,20,000 होतात. तुकडे केले तर 2,10,000 अधिक 3,00,000. व्याज न धरता 2,10,000 गेले! शिवाय नव्या नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी पुन्हा पाच वर्षं भरायची अट.

‘एक्झिक्युटिव्ह’ हे पदही साधं नाही. उद्या तुम्ही कामगारच नव्हता, म्हणून हे संरक्षण तुम्हाला नाही, असं म्हणायला त्याचा उपयोग होतो. कोर्ट प्रत्यक्ष काम बघतं, तरी मशीनवरची तुमची कामं पत्रात लिहून घ्या.

जर्मनीबद्दल: त्या काळात पगार कोण देणार, पीएफ इथेच चालू राहणार का, हे लेखी घ्या. इथल्याच नोकरीवरून पाठवत असतील, तर भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा कराराखाली कंपनीनं पीएफ कार्यालयातून कव्हरेज सर्टिफिकेट (तुम्ही इथल्या पीएफ योजनेत आहात याचा दाखला) काढावं, म्हणजे तिथली पेन्शन कपात टळते. बाँड आपोआप रद्द ठरत नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका बँकेची, मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरायची अट वैध ठरवली. पण करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे मिळते ती वाजवी भरपाई, पाच लाख ही फक्त कमाल. खर्चाचा तपशील मागा, आणि जितके महिने काम कराल तितकी रक्कम कमी होत जाईल, अशी अट घाला.

आता एचआरला ईमेल करा: ‘माझी सेवा मूळ रुजू तारखेपासून अखंड धरावी, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजा आणि नोकरकपातीची भरपाई त्याच तारखेपासून मोजावी, असं पत्रात लिहिल्यास मी सही करेन.’ दबाव वाढला तर कामगार खात्याकडे अर्ज द्या. घटनेच्या कलम 350 नुसार तो मराठीतही चालतो, पण सोबत कन्नड प्रत जोडा, काम अडत नाही.