डब्यातल्या हिशोबपट्ट्या

(वाचकांचे प्रश्न : अर्थशास्त्र आणि आपण. या सदरात नाशिकच्या निवृत्त अर्थशास्त्र-प्राध्यापिका वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्रलेखकांची नावं त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.)

प्रश्न : मॅडम, मी निफाड तालुक्यातली. नाशिकला एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी 'कांदा निर्यातबंदीचा शेतकऱ्यांवर झालेला परिणाम' हा विषय घेतलाय. १०० शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि टक्केवारीचे तक्ते करायचे, असं ठरलंय. पण आमचे दादा, म्हणजे वडील, म्हणतात, "बंदीनं नुकसान झालं हे सांगायला शंभर माणसं कशाला? मी एकटा सांगतो." मला उत्तर सुचलं नाही. हे खरंच संशोधन आहे का? घरी दादांच्या २०१२ पासूनच्या, कांदा विकल्यावर बाजारातून मिळालेल्या हिशोबपट्ट्या पत्र्याच्या एका डब्यात आहेत. त्यांचा काही उपयोग होईल?

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना त्या डब्यापाशीच थांबले. त्याच्याकडे येतेच. आधी दादांचं.

दादा बरोबर बोलतात. "बंदीनं तुमचं नुकसान झालं का?" असं लासलगावात उभं राहून विचारलंस तर शंभरातले अठ्ठ्याण्णव हो म्हणतील, आणि तू तक्त्यात ९८ टक्के लिहिशील. त्यातून नवं काही कळत नाही. कळायला हवं ते असं : किती, कुणाचं, आणि बंदी नसती तर भाव काय राहिला असता? शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण बंदी नसलेला तो डिसेंबर कुणीच पाहिलेला नाही.

तारखा एका कागदावर मांडून घे. १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्तात माल बाहेर पाठवायचा नाही. ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी. ती ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवूनच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. म्हणजे तू ज्याला 'बंदी' म्हणतेस तो एकावर एक बसलेला तीन-चार निर्णयांचा थर आहे. त्यात डिसेंबरमध्ये लाल कांद्याची आवक तशीही वाढते आणि भाव तसाही उतरतो. नोव्हेंबरचा भाव वजा जानेवारीचा भाव काढून तो सगळा फरक बंदीच्या नावावर टाकलास, तर दादाच तुझी चूक काढतील.

मग करायचं काय? प्रश्न लहान कर. तुझ्याच गावातला एक सुचवते : कांदा साठवायची चाळ असलेल्याला आणि चाळ नसलेल्याला बंदी सारखीच लागली का? मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा निघाला तेव्हा बंदी चालू होती. ज्याच्याकडे चाळ, त्यानं माल भरून ठेवला आणि मे उलटण्याची वाट पाहिली. ज्याच्याकडे नाही, त्याला वावरातून थेट ट्रॉली भरावी लागली. लाल कांदेवाल्याला तर चाळ असून उपयोग नव्हता, तो माल टिकतच नाही.

इथे एक अडचण आहे. चाळवाला मुळातच जरा सुस्थितीतला असतो. त्याला एरवीही दोन पैसे जास्तच मिळतात. म्हणून आधी बंदी नसलेल्या वर्षांत या दोघांच्या भावात किती अंतर होतं ते काढ, मग २०२४ मध्ये किती होतं ते काढ, आणि दुसऱ्यातून पहिलं वजा कर. आम्ही याला 'फरकातला फरक' म्हणतो. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी अमेरिकेत हेच केलं. १ एप्रिल १९९२ ला न्यू जर्सी राज्यानं किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियानं केलं नाही. या दोघांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट-फूड उपाहारगृहांची वाढीच्या आधी आणि नंतर पाहणी केली आणि माणसं कमी झाली का ते मोजलं. पगार वाढला की नोकऱ्या जातात, असं पुस्तकं सांगत होती. यांना तसं आढळलं नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं, क्रूगर तोवर हयात नव्हते. त्या निबंधावर पुढे पुष्कळ वाद झाले, तेही वाच. पण रचना बघ किती साधी : दोन ठिकाणं, दोन वेळा, आणि तीन वजाबाक्या.

चाळीत कांदा वाळतो, वजन घटतं, काही सडतो. ती घट वजा केल्याशिवाय चाळवाल्याचा भाव खरा मानू नकोस.

आता भाव घेणार कुठून? सरकारच्या ॲगमार्कनेट या संकेतस्थळावर बाजार समितीवार रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव मिळतात. ते घे, पण तिथेच थांबू नकोस. का, ते माझ्याच अनुभवावरून सांगते.

१९८७ मध्ये मी एम.फिल.साठी कांद्याचे भाव गोळा करत होते. बाजारातल्या नोंदवहीतून महिनेच्या महिने सर्वसाधारण भाव उतरवले, आलेख काढले आणि मार्गदर्शकांपुढे ठेवले. त्यांनी आलेखाकडे पाहिलंही नाही. एवढंच विचारलं, "हा भाव मिळाला कुणाला?" दुसऱ्या आठवड्यात मी एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमागे चालत राहिले. लिलावात व्यापाऱ्यानं ट्रॉलीतून दोन कांदे उचलले, एकाची मान अंगठ्यानं दाबली, दुसऱ्याची पत्ती चोळून खाली टाकली. पुकारा झाला आणि भाव ठरला. मिनिटसुद्धा लागलं नाही. कारकुनानं तो भाव लिहिला आणि संध्याकाळी तोच नोंदवहीत गेला. पण ट्रॅक्टर पुढे काट्यावर गेला, काट्यावरून खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या माल उतरवायच्या जागेवर. खळ्यावर ट्रॉली ओतली तेव्हा व्यापाऱ्याच्या माणसानं खालच्या थरातली गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, पायानं बाजूला केली आणि वांधा काढला. क्विंटलमागे १० रुपये कमी. वर हमाली, तोलाई. त्या शेतकऱ्यानं पट्टी घडी करून टोपीत ठेवली. मी ती मागून घेतली आणि माझ्या वहीतल्या भावाशी ताडून पाहिली. दोन आकडे जुळत नव्हते, आणि माझ्या सगळ्या आलेखांत पहिलाच आकडा होता.

म्हणून तो डबा. दादांची परवानगी घे. घरचे असले तरी विचारून घे, कागद त्यांचे आहेत. मग एकेक पट्टी वहीत उतरव : तारीख, बाजार, लाल की उन्हाळ, वजन, पट्टीवरचा भाव, कपाती, हातात आलेली रक्कम. शेजारच्या रकान्यात त्याच दिवसाचा, त्याच बाजाराचा सर्वसाधारण भाव लिही. एवढ्या वर्षांच्या नोंदी समोरासमोर आल्या की पुढचे प्रश्न तुला आपोआप दिसतील. कुठे पट्टी नाही, तिथे दादांना विचार का नाही. त्या दिवशी लिलाव बंद होता, की माल शिवारातच विकला? रिकाम्या दिवसाला शून्य लिहू नकोस, रिकामाच ठेव.

एका घरावरून तालुक्याचं सांगता येणार नाही, हे खरं. तेव्हा तीन गावं घे. गावातल्या कांदा उत्पादकांची यादी कर, त्यासाठी पीकपाहणीच्या नोंदींचा आधार मिळतो. यादीतलं दर पाचवं-दहावं घर घे. बाजारात उभी असलेली माणसं धरून प्रश्नावल्या भरू नकोस, कारण ज्यानं माल चाळीत ठेवलाय तो त्या दिवशी बाजारात नसतो आणि तुझा प्रश्न तर त्याच्याबद्दलच आहे. शंभर मतांपेक्षा चाळीस घरांच्या पट्ट्या मला जास्त मोलाच्या वाटतात. तुझ्या मार्गदर्शकांना हे पटेल असं वाटतं. नाहीच पटलं तर मला लिही, मी त्यांच्याशी बोलेन.

प्रश्न : मी सिडकोत राहते, शिवणकाम करते. मध्यंतरी घरखर्चाच्या सरकारी पाहणीसाठी एक मुलगा तीन महिने तीनदा आमच्याकडे आला. भाजी सात दिवसांची विचारली, कपडे वर्षाचे. असं उलटसुलट का विचारतात? खरं सांगितलं तर रेशनकार्ड जाईल, असं शेजारणी म्हणतात. आमच्या उत्तरांचं पुढे काय होतं?

उत्तर : ताई, आधी रेशनकार्डाचं. सांख्यिकी संकलन कायदा २००८ नुसार अशा पाहणीतली माहिती फक्त आकडेवारीसाठीच वापरता येते. तुमच्या घराचं नाव लावून ती उघड करता येत नाही. तेव्हा निर्धास्त राहा आणि खरं तेच सांगा.

सात दिवस आणि वर्ष यामागे माणसाची आठवण आहे. महिन्याभरात कोथिंबिरीच्या किती जुड्या आणल्या, हे कुणालाच आठवत नाही. आठवड्याचं आठवतं. उलट कपडे आपण दिवाळीला नाहीतर लग्नाला घेतो. मागच्या महिन्याचे विचारले तर दहातल्या नऊ घरांत शून्यच निघेल. घरखर्चाच्या पाहणीत २०२२-२३ पासून खाद्यपदार्थ, रोजच्या वापराच्या वस्तू-सेवा आणि टिकाऊ वस्तू असे तीन भाग केले आणि तीन वेगवेगळ्या भेटी ठेवल्या. एका बैठकीत तीनेकशे प्रश्न विचारले की शेवटी माणूस कंटाळून "लिहा काहीतरी" म्हणतो.

विचारण्याच्या पद्धतीनं किती मोठा फरक पडतो ते पाहा. १९९९-२००० च्या पाहणीत खाण्याचा खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा शेजारशेजारच्या रकान्यांत विचारला. त्या पाहणीवरून देशातली गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचा आकडा निघाला. मग अर्थशास्त्रज्ञांचा मोठा वाद झाला : गरिबी खरंच इतकी हटली, की रकाने शेजारी आल्यानं उत्तरं बदलली? अँगस डीटन यांनी त्या आकड्यांवर बरंच काम केलं. त्यांना पुढे २०१५ मध्ये नोबेल मिळालं. कोट्यवधी माणसं गरिबीच्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हा प्रश्न छापील कागदावरच्या दोन रकान्यांपाशी येऊन अडला होता.

आणि तुमच्या उत्तरांचं पुढे काय होतं म्हणाल, तर महागाईच्या निर्देशांकात कशाला किती वजन द्यायचं ते याच पाहणीवरून ठरतं. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या निर्देशांकात अन्न आणि पेयांचं वजन ४५.८६ टक्के होतं, ते २०११-१२ च्या पाहणीतून आलेलं. तुमच्यासारख्याच घरांत कुणीतरी बसून विचारलं होतं, तेल किती, डाळ किती. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतून भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला. खेड्यात १९६०-६१ च्या भावानं माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही त्यांची दारिद्र्यरेषा. तीही राष्ट्रीय नमुना पाहणीतल्या अशाच घरखर्चाच्या उत्तरांवर उभी होती.

एक मात्र लक्षात ठेवा. कॉलेजची किंवा खासगी संस्थेची मुलं आली, तर ती कोण, कशासाठी विचारतात, नाव गुप्त राहील का, हे आधी विचारा. तुम्ही नाही म्हणू शकता, अर्ध्यातून थांबूही शकता. होकार दिलात तर निष्कर्ष काय निघाला ते कळवायला सांगा. मी माझ्या विद्यार्थ्यांना हे कायम सांगत आले, कारण सिन्नरच्या एका म्हातारीनं मला विचारलं होतं, "तू लिहून नेलंस, मला काय कळलं?" तिच्याकडे मी परत गेले नाही. ते मला अजून लागून आहे.

प्रश्न : मी तासिका तत्त्वावर शिकवतो, पीएच.डी. चालू आहे. एका 'आंतरराष्ट्रीय' संशोधनपत्रिकेनं तीन दिवसांत शोधनिबंध छापू म्हणून २,५०० रुपये मागितलेत. द्यावेत का?

उत्तर : देऊ नका. तासिकेचे पैसे कधी हातात येतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यातले अडीच हजार म्हणजे काय तेही.

जाणकार माणूस तुमचा निबंध वाचून त्यातल्या चुका काढतो, याला तीन दिवस पुरत नाहीत. जिथे तीन दिवसांत छापतात तिथे तो वाचतच नाहीत. प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही सक्ती विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ च्या नियमांत काढून टाकली. तुमच्या विद्यापीठाची वेगळी अट असेल तर ती लेखी मागा, ऐकीव माहितीवर पैसे भरू नका. मान्य पत्रिकांची 'केअर' यादीही आयोगानं २०२५ मध्ये बंद केली. त्यामुळे "आम्ही यादीत आहोत" असं कुणी सांगत असेल तर त्याला आता अर्थ नाही. संपादक मंडळावर कोण आहे ते बघा, त्यातल्या दोघांना ईमेल करा आणि आपलं नाव तिथे आहे हे त्यांना माहीत आहे का ते विचारा.

मराठीत लिहिणार असाल तर मराठी अर्थशास्त्र परिषदेचं 'अर्थसंवाद' हे त्रैमासिक आहे. इंग्रजीत लिहिणार असाल तर 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' छापायचे पैसे घेत नाही. तिथून नकार आला तरी चालेल. पाठवण्याआधी विषयातल्या दोघातिघांना निबंध वाचायला द्या. मलाही पाठवा, प्रिंट काढून, दोन ओळींत अंतर सोडून. पेन्सिलीनं खुणा करून महिन्याभरात परत पाठवेन.