रोकड किती ठेवू ते नंतर, आधी हप्ता भरा

पत्र (नाशिक, १० मे २०२१): वय ६९, पत्नी ६४, मुलगा परदेशात. मला बीपी आहे. कोरोनाच्या लाटेत रुग्णालयं बेडसाठी रोख मागतात असं ऐकल्यापासून झोप लागत नाही, रात्री तीन-तीनदा मोबाइलवर शिल्लक बघतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत १५ लाख ठेवलेत. ते मोडून ८ लाख घरात आणू का? बँकेतल्या अधिकाऱ्याने हमी परताव्याची पॉलिसी दिली आहे: वर्षाला १ लाख, १० वर्षं भरायचे, १५ वर्षांनी १५ लाख. कागद ७ मेला आले. त्यामुळे २१ एप्रिलचा आरोग्य विम्याचा ४२ हजारांचा हप्ता तूर्त थांबवला आहे.

उत्तर (मे २०२१ चे नियम आणि दर धरून, यातले काही पुढे बदलले): सगळी गोम त्या ‘तूर्त थांबवला’मध्ये आहे. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची वाढीव मुदत असते, तुमची २१ मेला संपते. आजच ऑनलाइन भरा. मुदतीत भरलात तर पॉलिसी सलग धरली जाते, मात्र मधल्या दिवसांत दाखल व्हावं लागलं तर दावा मिळत नाही. म्हणजे भर लाटेत तुम्ही दोघं विम्याविना बसला आहात. मुदत चुकली तर नवी पॉलिसी, तीही ६९ व्या वर्षी: तपासण्या, बीपीसाठी चार वर्षांपर्यंत थांबा, नाहीतर सरळ नकार. फक्त कोरोनापुरती असलेली ‘कोरोना कवच’ पॉलिसी हा पर्यायही तुम्हाला नाही, तिची वयोमर्यादा ६५.

आता ती ‘हमी’. दहा लाखांचे पंधरा, म्हणजे दीडपट वाटतं. पण प्रत्येक लाख सरासरी साडेदहा वर्षं अडकतो, परतावा पडतो जेमतेम चार टक्के. पैसे हातात येतील तेव्हा तुम्ही ८४ चे! घाबरलेल्या माणसाच्या गळ्यात हे मारणाऱ्याला काय म्हणावं? कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत, म्हणजे २२ मेपर्यंत, पॉलिसी परत करता येते. अर्ज विमा कंपनीकडे करा, बँकेकडे नव्हे. ईमेलही करा आणि पोच जपून ठेवा. मुद्रांक शुल्क आणि किरकोळ कपात वजा जाऊन बाकीचे परत मिळतात. अधिकारी ‘महिनाअखेरीस बघू’ म्हणेल. त्याच्या नादी लागलात की मुदत गेली.

पोस्टाच्या पैशांना हात लावू नका. दोन वर्षं व्हायच्या आत मोडल्यास दीड टक्का, म्हणजे २२,५०० रुपये कापले जातील. तुम्हाला ८.६ टक्के मिळताहेत, आज, मे २०२१ मध्ये, नव्याने ठेवले तर ७.४. हा फरक वर्षाला १८ हजारांचा, आणि अजून सव्वातीन वर्षं बाकी. एकूण फटका ८० हजारांच्या घरात.

राज्य सरकारने खासगी रुग्णालयांना ठरवून दिलेले दर दिवसाला साधा वॉर्ड ४,०००, आयसीयू ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० आहेत. पीपीई किट, महागडी औषधं, स्कॅन वेगळे, आणि बिल फुगतं ते तिथेच. म्हणून दोनेक लाख बचत खात्यात असू द्या, घरात २५ हजार पुरे.

पण ते खातं तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर तुम्ही आयसीयूत असताना पत्नीला त्यातला रुपयाही काढता येणार नाही. नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका, नॉमिनेशन माणूस गेल्यावर उपयोगी पडतं. खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कुणालाही एकट्याने चालवता येईल असं संयुक्त करून घ्या, त्यांच्या नावाचं डेबिट कार्ड घ्या, कार्डाची रोजची मर्यादा वाढवा. मग शेजारी बसा आणि एक हजाराचा एनईएफटी त्यांच्या हातून करवून घ्या. विम्याचं कार्ड आणि टीपीएचा (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेचा) नंबर कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

झोपेचं मात्र डॉक्टरांशी फोनवर बोला. आणि रात्री दहानंतर बँकेचं अ‍ॅप उघडू नका, त्या वेळी शिल्लक काही बदलत नाही.