क्लिकर, उकडलेलं चिकन आणि पाच महिन्यांचं पिल्लू

ताई, प्रश्न वाचला. चिकू पाच महिन्यांचा इंडी (आपलं देशी कुत्रं), शिकवताना खूण म्हणून वापरायचा क्लिकर (दाबला की टक्क वाजणारी छोटी वस्तू) वाजवला की कॉटखाली पळतो, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो, हाक मारली तर ढुंकून बघत नाही, आणि सासरे म्हणतायत की एक रट्टा द्या, खाऊ देऊन देऊन कुत्रं लालची होतं. माझ्याकडे बरीच वर्षं पिल्लं येतात, बहुतेक रस्त्यावरून उचललेली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

आधी तो क्लिकर ड्रॉवरमध्ये टाका. पत्र्याच्या डबीसारखा असेल तर त्याचा आवाज फारच कर्कश असतो आणि घाबरट पिल्लाला तो कानाशी वाजवला की सगळंच बिघडतं. त्याऐवजी साधं खटक्याचं बॉलपेन घ्या, नाहीतर तोंडाने छोटा, दरवेळी एकाच सुरात म्हटलेला 'येस' चालतो. आवाज कुठला हे महत्त्वाचं नाही, तो आवाज झाला की खायला येतंच हे त्याच्या डोक्यात पक्कं बसणं महत्त्वाचं. म्हणून सुरुवातीला काहीही शिकवायचं नाही, फक्त खटका आणि लगेच एक तुकडा, खटका आणि तुकडा, दोन मिनिटं, की बंद. दिवसातून दोनतीनदा. खटका ऐकून त्याने झटकन तुमच्याकडे बघितलं की समजायचं कळलं. आणि चुकून खटका वाजला तरी तुकडा द्यायचाच, एकदा जरी फुकट वाजवायला लागलात की त्या आवाजाची किंमत जाते.

खाऊ म्हणजे बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याच्या अर्ध्या दाण्याएवढे तुकडे, मोठे नकोत, चघळत बसला की लक्ष जातं. कांदा-लसूण घातलेलं काही नको, मनुका-द्राक्षं आणि चॉकलेट तर अजिबात नको, कुत्र्यांना ते विषारी आहे. दिवसभराच्या खाण्याच्या साधारण 10 टक्क्यांपुढे खाऊ जाऊ देऊ नका.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या प्रश्नात चिकूने काय करू नये याची मोठी यादी आहे, पण काय करावं हे एकदाही आलेलं नाही. पाहुणे आल्यावर त्याने काय करायचं? चारही पाय जमिनीवर? बसायचं? चटईवर जायचं? हे आधी घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा, कारण 'नको' हे कुत्र्याला शिकवताच येत नाही, त्याला फक्त कशामुळे फायदा होतो तेवढं कळतं. उडी मारल्यावर तुम्ही 'अरे नको नको' म्हणत हाताने ढकलता ना, त्याच्यासाठी तो खेळ आहे, बक्षीसच आहे ते.

चारही पाय जमिनीवर हे ठरवलंत असं धरू. पाहुण्यांवर प्रयोग नको, आधी घरातल्याच कुणालातरी बाहेर पाठवून बेल वाजवायला सांगा. चिकू हार्नेस-लीशवर (छातीचा पट्टा आणि त्याला लावलेली दोरी) तुमच्याजवळ. माणूस आत आला, चिकूचे पाय खाली आहेत, त्याच क्षणी खटका आणि तुकडा जमिनीशी, अगदी त्याच्या पंजांजवळ, वर हात धरून दिलात तर तुम्हीच उडी मारायला लावताय. उडी मारलीच तर आलेल्या माणसाने गप्प पाठ फिरवायची, ना बघायचं ना बोलायचं, पाय टेकले की परत खटका. हे जमलं की मग वॉचमनकाका, शेजारच्या काकू, शेवटी अनोळखी लोक. एक जण लाड करून उड्या मारू देतो आणि दुसरा ओरडतो असं असेल तर वर्षभरातही जमणार नाही.

घोटे चावतो म्हणालात, या वयात दुधाचे दात पडून नवे येत असतात, हिरड्या शिवशिवतात. फ्रिजमध्ये गार केलेलं गाजर द्या, साडीचा काठ पकडला की हलायचं नाही, सोडला की खटका. सहासात महिन्यांपर्यंत दात येऊन जातात, मग बरंच कमी होतं.

सासऱ्यांना काय सांगायचं? लालचीपणाबद्दल त्यांचं अगदीच चुकीचं नाही. आधी तुकडा दाखवून काम करून घेतलंत तर ती लाच, काम झाल्यावर दिलात तर तो पगार. म्हणून 'बस' शिकवताना सुरुवातीला हातात तुकडा ठीक, पण थोड्या वेळातच रिकाम्या हाताने तीच खूण करायची आणि तुकडा खिशातून, नाहीतर ओट्यावरच्या वाटीतून. रट्ट्याबद्दल मात्र मी ठाम आहे. मार खाल्लेलं पिल्लू हाताला भितं, गुरगुरल्यावर मार पडला की गुरगुरणं सोडतं आणि मग एक दिवस इशारा न देता चावतं. खटका आणि खाऊची ही पद्धत काही नवं फॅड पण नाही, अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड 1940 च्या दशकातच आवाजाची खूण आणि खाऊ यावर प्राणी शिकवत होते, पुढे 1960 च्या दशकात हवाईत कॅरन प्रायर डॉल्फिनना शिट्टीवर शिकवायच्या आणि नंतर त्यांनीच ही पद्धत कुत्रेवाल्यांपर्यंत नेली. डॉल्फिनला ना पट्टा घालता येतो ना रट्टा देता येतो, तो सरळ पोहून जातो, तरी शिकतोच की. सासऱ्यांनाच सकाळच्या चहाच्या वेळी चटईवर बसायला शिकवायचं काम द्या, वाटी त्यांच्या हातात द्या, बघा.

राहिलं हाकेला येणं. चिकू येत नाही कारण बहुतेक हाक मारली की आंघोळ, नाहीतर खेळ बंद. ती हाक आता बिघडली, नवा शब्द घ्या, 'चल चल' म्हणा. घरातच दोन पावलांवरून सुरू करा आणि तो तुमच्यापर्यंत पोचल्यावर नाही, मान वळवून तुमच्याकडे निघाला त्या क्षणी खटका, पोचल्यावर दोनतीन तुकडे, आणि लगेच परत खेळायला सोडा. घरात जमलं की पॅसेजमध्ये, मग गच्चीवर हार्नेसला लांब दोरी बांधून. येणार नाही असं वाटत असेल तर बोलवूच नका, स्वतः जाऊन आणा. आणि गेटबाहेर लीश सोडायचीच नाही, हाकेला कितीही छान यायला लागला तरी.