रेडिओला मोबाईलचा चार्जर चालतोय का?

प्रश्न: आबांचा रेडिओ दिवसभर चालू असतो, दोन पेन्सिल सेल सारखे संपतात, मोबाईलचा चार्जर जोडू का?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर: थेट अजिबात नको! दोन सेल म्हणजे ३ व्होल्ट, चार्जर देतो ५, रेडिओ जळंल की. प्लसच्या वायरीत १एन४००७चे तीन डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे छोटे भाग) ओळीनं जोडा, डायोडवरची पट्टी रेडिओकडं, प्रत्येकी साधारण ०.७ व्होल्ट खातो म्हणजे २.९च्या आसपास उरतंय, तेवढं बास. सेलच्या जागी बसवायला सेलएवढ्या, ५० मिलिमीटरच्या दोन लाकडी कांड्या करा, टोकाला स्क्रू मारून एकीला प्लस दुसरीला मायनस वायर, उरलेली टोकं मोकळीच. प्लस-मायनस मल्टिमीटरनं (व्होल्ट मोजायच्या यंत्रानं) तपासल्याशिवाय आत घालायचं नाही आणि खरे सेल आधी काढायचे. मिडीयम वेव्हला खरखर आली तर चार्जर बदलून बघा, बऱ्याचदा दोष त्याचाच असतो.