मुलगा शाळेच्या वाद्यवृंदाबरोबर ऑस्ट्रियाला चालला आहे. तबला विमानातून कसा न्यावा? आणखी काय बघावं?

तुमचा मुलगा नववीत आहे, दौरा जुलैत दहा दिवसांचा आहे आणि शाळेतून फक्त 'वाद्यं नीट पॅक करा' एवढाच मेसेज आलाय, असं तुम्ही लिहिलंय. आमची मुलगी पुण्याहून अशाच दौऱ्याला गेली होती, सोबतच्या पालकांत मी होतो. तिच्याकडेही तबलाच होता. म्हणून सगळ्यात आधी एकच सांगतो: तबला सुरात लावायची हातोडी चेक-इनच्या मोठ्या बॅगेत टाका. आजच टाका.

निघायच्या संध्याकाळी आमच्या लेकीने घरी तबला एकदा लावून बघितला आणि हातोडी पाठीवरच्या सॅकमध्ये सारली. मुंबईला सिक्युरिटीच्या मशीनमध्ये ती दिसलीच. हातोडी केबिनमध्ये चालत नाही, चूक सर्वस्वी आमची. पण चेक-इनचं सामान तोवर पुढे गेलं होतं. व्हिएन्नात हॉलची देखभाल करणाऱ्या गृहस्थांकडून सुतारी हातोडी मागून आणली. तिचं डोकं एवढं मोठं की गजऱ्यावर (कातड्याच्या कडेच्या विणलेल्या गोटावर) मारायची हिंमत होईना. गट्टे (वाद्यांखालचे बाजूचे लाकडी ठोकळे) खालीवर करून कसंबसं निभावलं, आणि ते गृहस्थ शेजारी उभे राहून 'हे वाद्य दुरुस्त होतंय की मोडतंय' अशा चेहऱ्याने बघत होते.

तबला-डग्गा केबिनमध्ये नेण्याचा हट्ट धरू नका. फायबरची कडक केस घ्या, पुडीवर (वरच्या कातड्यावर) जाड पुठ्ठा, त्यावर चुंबळ (तबला ठेवायची कापडी कडी), आणि उरलेल्या जागेत टी-शर्ट कोंबा. आमच्या गुरुजींनी गट्टे थोडे वर सरकवून पुडीवरचा ताण कमी करून दिला होता. तिथे पोचल्यावर लगेच सूर लावत बसू नका. इथल्या पावसाळी दमट हवेत पुडी सुराने उतरलेली असते, एसीच्या कोरड्या हॉलमध्ये ती चढते. तासभर उघडा ठेवा, मग लावा.

सुराचं आणखी एक. तिकडचे वाद्यवृंद आधाराचा 'ए' स्वर पुष्कळदा ४४० ऐवजी ४४२-४४३ हर्ट्झला मिळवतात. तबला तेवढा वर घेता येतो, पेटीचं (हार्मोनियमचं) काय? आमच्या पेटीचे सूर ४४० ला पक्के. यजमान शाळेबरोबर एकत्र वाजवायचं होतं, पहिल्या तालमीत कानाला सारखं काहीतरी खटकत होतं. शेवटी त्यांच्या व्हायोलिनवाल्यांनी आपला सूर खाली ४४० ला उतरवला. हे आधी ईमेलवर विचारून घेतलं असतं तर अर्धी तालीम वाचली असती.

शिसवी तबल्याच्या लाकडाची धास्ती कुणी घातली असेल तर सोडून द्या. २०१७ मध्ये शिसवाच्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले होते, पण २०१९ च्या अखेरीपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. हस्तिदंत लावलेलं जुनं वाद्य मात्र घरीच ठेवा.

व्हिसासाठी अर्जावर आई-वडील दोघांच्याही सह्या, जन्मदाखला, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. बाराच्या पुढच्या मुलांचे बोटांचे ठसे घेतात, म्हणजे मुलाला एक दिवस शाळा बुडवावी लागेल (त्याला वाईट वाटणार नाही). ना-नफा संस्थेच्या सांस्कृतिक कार्यक्रमाला जाणाऱ्या पंचविशीपर्यंतच्या मुलांना शेंगेन व्हिसाची (ऑस्ट्रियासह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाची) फी माफ असते. शाळेला निमंत्रणपत्र कुणाचं आहे ते बघायला सांगा. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क तरीही भरावं लागतं.

आणि जमलं तर एक जादा तबला न्या, नुसता तबला, डग्गा नको. पुडी फाटली तर व्हिएन्नात रातोरात नवी चढवून देणारा कुठे शोधणार? वजन होतं, कबूल. दोन जीन्स कमी करा.