भूगोल घेऊन पदवी केल्यावर भूगोलतज्ज्ञ म्हणून काम कसे मिळते?

कला शाखेत भूगोल घेऊन पदवी होत आली आहे, आता क्यूजीआयएस या नकाशे बनवण्याच्या सॉफ्टवेअरचा वर्ग लावला तर भूगोलतज्ज्ञ म्हणून नोकरी मिळेल का, असे तुम्ही विचारले आहे. नोकरी मिळेल, पण ती पडद्यावर रेघा ओढण्याची असेल आणि तिला भूगोलतज्ज्ञाचे काम म्हणायला मी तयार नाही.

२०१६ मध्ये मी पुरंदर तालुक्यातील एका गावाच्या पाणलोट आराखड्यावर काम करत होते. सिमेंट बंधाऱ्यांच्या सहा जागा कार्यालयात बसूनच ठरल्या होत्या. त्यासाठी वापरलेल्या उंचीच्या माहितीतील एकेक चौकोन ३० मीटरचा होता आणि गावातला ओढा जेमतेम पाच-सहा मीटर रुंद, त्यामुळे तो पडद्यावर एका ठिकाणी चक्क शेजारच्या शेतातून वाहत होता. मी एप्रिलमध्ये चार दिवस पायी फिरून बावीस विहिरींची पाणीपातळी दोरीने मोजली. ओढ्याच्या वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी होते आणि तिथून तीनशे मीटर खाली सगळ्या कोरड्या होत्या. एका शेतकऱ्याने विहिरीची कड दाखवून सांगितले, “ताई, वर मुरूम आणि मांजऱ्या (मऊ खडक) लागला, पण या बाजूला काळा दगड उभाच्या उभा खाली गेलाय, सुरुंगालाही दाद देत नाही.” ती डाइक होती, म्हणजे बेसॉल्टच्या थरांत उभी घुसलेली घट्ट खडकाची भिंत, मातीखाली असल्यामुळे ती उपग्रहाच्या चित्रात दिसली नव्हती. सहापैकी चार बंधाऱ्यांच्या जागा तिच्या वरच्या अंगाला होत्या आणि टँकर लागणारी वस्ती खालच्या अंगाला, म्हणजे मुरलेले पाणी या भिंतीपाशीच अडणार होते.

हे मी दोन पानांत लिहून दिले. आमच्या वरिष्ठांनी ती पाने अहवालातून काढली आणि खडक पाहणे भूगर्भशास्त्रज्ञाचे काम आहे, भूगोलवाल्यांनी नकाशा रंगवावा, असे सर्वांसमोर सांगितले. बंधारे ठरल्या जागीच झाले. पुढच्या उन्हाळ्यात मी मुद्दाम गेले, तेव्हा त्या वस्तीवर टँकर उभा होता. खडक, उतार, पाणी आणि वस्ती यांचा एकमेकांशी संबंध लावणे हेच भूगोलाचे काम आहे, हे मी तेव्हा म्हटले होते आणि आजही म्हणते.

म्हणून वर्गाचे पैसे वाचवा. क्यूजीआयएस मोफत आहे, ते घरी शिकता येते आणि देहरादूनच्या भारतीय सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग, म्हणजे उपग्रहातून पाहणी) संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रमही विनाशुल्क असतात. एम.ए. किंवा एम.एस्सी. मात्र कराच. प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते; नकाशांच्या कामासाठी नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राच्या जाहिराती पाहत राहा. त्याआधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून आपल्या भागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशापत्रक उतरवून घ्या आणि मे महिन्यात एक ओढा संगमापासून उगमापर्यंत चालत जा. वाटेतल्या प्रत्येक विहिरीची पातळी, कडेचा दगड आणि मालकाने सांगितलेली हकिकत वहीत लिहा. सध्या आमच्याकडे मुलाखती मी घेते आणि प्रमाणपत्रांच्या आधी अशी वही मागते.

सॉफ्टवेअर अजिबात नको, असा याचा अर्थ घेऊ नका. ते येत नसेल तर अर्ज पहिल्याच चाळणीत बाजूला पडतो. शिवाय पाणलोटातील बरीचशी कामे कंत्राटी असतात आणि प्रकल्प संपला की पगार थांबतो, त्यामुळे घरी कर्जाचे हप्ते असतील तर आधी नेट-सेटचा मार्ग धरा आणि ओढ्याचे काम सुट्टीत करा.