फरशी चिकट का राहते?

प्रश्न : घरात शहाबादी फरशी आहे. फ्लोअर क्लीनरची बाटली पंधरवड्यात संपते, तरी फरशी चिकटच. त्याऐवजी व्हिनेगर वापरू का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : व्हिनेगर अजिबात नको, लिंबू आणि ॲसिडही नको. शहाबादी हा चुनखडीचा दगड. आंबट पदार्थ त्या दगडाला खातो, फरशी खरखरीत होते आणि मळ आणखी धरते. गेलेली चकाकी मग पॉलिशशिवाय येत नाही.

चिकटपणा बहुधा जास्त लिक्विडमुळेच येतो. अंदाजाने ओतलेलं लिक्विड फरशीवर थर होऊन बसतं, त्यावर धूळ चिकटते. आधी तो थर काढा : 5 लिटर कोमट पाण्यात 1 चमचा धुण्याचा सोडा, हातमोजे घालून पुसा, मग साध्या पाण्याने दोनदा. पुढे रोज नीट केर काढून साधं पाणीच पुरे. लिक्विड आठवड्यातून दोनदा, बाटलीवरच्या प्रमाणात, झाकणाने मोजून. पाणी गढूळ झालं की लगेच बदला. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग पडत असतील, तर शेवटी कोरडं फडकं फिरवा.

ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू होतो.